पाखऱ्याला आवतण

ज्यांना ही गोष्ट हसण्यावारी न्यायची असेल त्यांनी इथेच थांबावं. ज्या गोठ्यात ती घडली तो गोठा आजही आहे. आणि ज्यांच्यासमोर घडली ते खुशालराव आजही त्या गोठ्यात एकटे शिरत नाहीत.

गेल्या वर्षीचा पोळा. मोर्शीच्या पुढे, संत्र्यांच्या बागांमधलं एक लहान गाव. पोळ्याची आदली संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ.

आमच्या वऱ्हाडात त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात. त्यांवर तूप-हळद चोळायची, आणि चोळता चोळता बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पाहुण्याला बोलावतात ना, तसंच. मानानं.

खुशालराव लहानपणापासून दरवर्षी हे म्हणत आले होते. नेहमी दोन बैलांना.

त्या वर्षी गोठ्यात बैल एकच होता. लाख्या.

त्याचा जोडीदार पाखऱ्या माघ महिन्यात गेला. खुशालरावांचा मुलगा शिवम या जोडीला शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळवायचा. त्या दिवशी जोडी पहिली आली. गुलाल उधळला गेला. आणि रेघ ओलांडून थोडं पुढे जाताच पाखऱ्या कोसळला. पुढचा पाय मोडला होता.

"खड्ड्यात पाय गेला," शिवम म्हणाला.

पाखऱ्या पुन्हा उठलाच नाही. चाऱ्याला तोंड लावलं नाही. खुशालरावांनी त्याला बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरलं.

आता शिवमनं लाख्यासाठी नवा जोडीदार पाहिला होता. पोळा झाला की सराव सुरू करायचा होता.

"लाख्याले शेतातच राहू दे गा," खुशालराव म्हणायचे.

"अख्खा तालुका ओळखते त्याले, बाबा. आता काय देवघरात बसवता का?"

खुशालरावांचं मन नको म्हणायचं, पण पोराला 'नाही' म्हणणं तोंडातून निघत नव्हतं.

तर त्या संध्याकाळी...

त्यांच्या बायको मैनाबाई दिवा धरून उभ्या होत्या. खुशालरावांनी वाटीतलं तूप-हळद दोन्ही हातांना घेतलं. उजव्या हातानं लाख्याचा खांदा चोळू लागले. डावा हात सवयीनं पलीकडे गेला. रिकाम्या जागेकडे. आणि सवयीनंच तोंडातून निघालं,

"पाखऱ्या, लाख्या... आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मैनाबाईंनी दिवा रिकाम्या जागेकडे धरला.

"कोनाले बोलावलं तुमी?"

"निंगून गेलं तोंडातून."

"निंगून गेलं तरी आवतन ते आवतनच."

लाख्या रवंथ करत होता. तो थांबला.

मग... तो हळूच एक पाऊल बाजूला सरकला. जोडीदार शेजारी येऊन उभा राहिला की सरकायचा, अगदी तसा.

खुशालरावांनी हात दिव्याजवळ नेले. उजवा हात हळदीनं पिवळा होता.

डावा... कोरडा.

तळव्याला आखूड पांढरे केस चिकटले होते. लाख्या तांबडा आहे.

पांढरा पाखऱ्या होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवम शेजारच्या गावातून नवा बैल घेऊन आला. चांगला उंचापुरा, धीट बैल. पाखऱ्याच्या खुंट्याला बांधायला नेला तर गोठ्याच्या दारातच अडला. अंग थरथरत होतं. चौघांनी ओढला तरी आत जाईना.

"नवीन हाय, बुजला," शिवम म्हणाला. त्यानं बैल अंगणातल्या कडुनिंबाला बांधला.

दुपारी पोळा भरला. लाख्यावर नवी झूल, शिंगांना बाशिंग. खुशालराव त्याला तोरणाकडे घेऊन निघाले. पण लाख्या सरळ चालेना. सारखा रस्त्याच्या कडेनंच चालायचा. त्याच्या शेजारी एका बैलाला पुरेल एवढी जागा मोकळी.

सूर्यभान म्हणून त्यांचे शेजारी आहेत, मोठे टवाळखोर. ते ओरडले, "काय गा खुशालराव, बैल नालीतून काहून चालवून राहिला? बाजूची जागा पाव्हण्याले ठेवली का?"

सगळे हसले.

खुशालराव हसले नाहीत. ते ऐकत होते. लाख्याच्या गळ्यात घुंगरमाळ एकच होती. आवाज मात्र दोन माळांचा येत होता. एक इथली. आणि एक... शेजारची. ती थांबत थांबत वाजत होती.

एखादं जनावर लंगडत चालावं तशी.

घरी परत आले तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. मैनाबाईंनी लाख्याचे पाय धुतले, ओवाळलं, गोठ्यात बांधून पुरणपोळीचं पान पुढे ठेवलं. लाख्यानं हुंगलंसुद्धा नाही. मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला.

मैनाबाई घरात गेल्या. दुसरं पान घेऊन आल्या आणि त्या जागेसमोर ठेवलं.

लाख्या लगेच खायला लागला.

"आई, तुई बी कमालच हाय," शिवम म्हणाला. "मेलेल्या बैलाले पुरनपोळी?"

"बोलावून उपाशी ठेवाचं का त्याले? अन् त्याले तुयाच हातचं लागे. तूच दे."

शिवम हसत हसत खाली बसला. तळहातावर पोळी घेऊन हात पुढे केला.

"घ्या पाखऱ्याजी. लाजू नका."

तो हसत होता...

आणि मग हसणं थांबलं.

"बाबा... ओलं हाय."

पोळी घसरून खाली पडली. शिवमचा हात तसाच पुढे राहिला. तो मागे ओढत होता, हात येत नव्हता. सगळ्यांना आवाज ऐकू आला. बैल खरखरीत जिभेनं माणसाचा हात चाटतो, तो आवाज. पुन्हा. पुन्हा. तळवा लाल होत गेला.

"सोड ना बे!" शिवम ओरडला. मग रडायलाच लागला. "बाबा, खड्डा नव्हता तिथं! माह्या मुठीत खिळा होता. कोनाले दिसू नये म्हून मुठीत धरला अन् शेपटीखाली टोचत गेलो. त्याचा पाय पहिलेच दुखत होता. तो थांबाले पाहे... मी थांबू नाही देल्लं."

आवाज बंद झाला.

हात सुटला.

खुशालराव उठले. लाख्याच्या मागे गेले आणि त्याची शेपटी वर केली. तिथे टोचल्याचे खोचे होते. काही जुने, भरून आलेले. काही अजून गाठीसारखे वर आलेले.

खांदे ते दरवर्षी चोळत होते. मागून बैल कधी पाहिला नव्हता.

"तो नवा बैल परत नेऊन दे," ते म्हणाले. "उजेड हाय तवरच ने. लाख्या पटात जानार नाही. अन् या घरचं कोनतंच जनावर जानार नाही."

शिवमनं मान वर केली नाही. कडुनिंबाचं दावं सोडलं आणि निघाला.

मैनाबाईंनी दुसरं पान उचललं. त्यावरचा भात, वडा, भाजी, सगळं जसंच्या तसं होतं. फक्त गरम नव्हतं. नुसतं निवलेलं नाही... बर्फासारखं गार.

त्याला आता वर्ष होत आलं. शिवम शेती पाहतो, पटाचं नाव काढत नाही. बोलता बोलता उजवा तळवा पँटला पुसत राहतो. कोरडा असला तरी. आणि लाख्या अजून गोठ्यात एका कडेलाच उभा राहतो. मोकळ्या जागेत पाय टाकत नाही, बसतानाही अंग चोरून बसतो.

परवा खुशालराव पारावर भेटले. पोळा आठ दिवसांवर आलाय. माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले,

"गुरुजी, यंदा आवतन एकाले देऊ का दोघाले?"

मी म्हटलं, तुमच्या मनाला काय वाटतं?

"दोघाले देल्लं तं तो येईन. अन् एकालेच देल्लं तं..."

त्यांनी घराच्या दिशेनं पाहिलं.

"बोलावाचे शब्द आपल्यापाशी हायत, गुरुजी. जा म्हनाचे कोनते?"