कुंकवाची बॅटरी

"उतरा! सगळे उतरा! आजी, तुम्ही बसा हो. बाकीच्यांनी ढकला!"

चन्नम्मा मावशीचा हा हुकूम ऐकून राजेश्वरीचा चेहराच पडला. कळंबहून निघताना मैत्रिणींसमोर तिनं केवढी फुशारकी मारली होती! "माझी मावशी गोल्फ कार्ट चालवते, माहितीये? परदेशात मैदानावर फिरवतात ना, तसली!" आणि सुट्टीच्या पहिल्याच संध्याकाळी ती त्याच गोल्फ कार्टला मागून खांदा लावून उभी होती.

"दर वेळी इथंच!" मावसभाऊ सोमेश धापा टाकत म्हणाला. "ह्या वळणावर आली की हिचा जीव जातो."

मुरूमजवळच्या या गावात टेकडीवर वीरभद्राचं देऊळ आहे. म्हाताऱ्या माणसांना चढ झेपत नाही म्हणून देवस्थानानं ही विजेवरची गाडी आणली आणि चालवायला नेमलं चन्नम्मा मावशीला. गावात पहिल्यांदाच एक बाई गाडी चालवणार म्हणून कौतुक झालं, आणि कौतुकाच्या जोडीला थोडी कुजबुजही झाली. पण मावशीनं कधी कुणाला बोलायला जागा ठेवली नव्हती. ती आता मिळाली होती.

गाडी परत खाली आली तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी देवस्थानाचे पंच शिवलिंगप्पा काका कमरेवर हात ठेवून उभेच होते.

"चन्नम्मा, गाडी रातभर चार्जिंगला लावत न्हाईस तू!"

"लावते की हो, काका. रोज लावते."

"मग चढत कशी न्हाय? तीन दिवसांवर जत्रा आली. लोकांनी ढकलत न्यायची का देवाची गाडी? किल्ली दे उद्या. बंडप्पाचा पोरगा चालवंल."

गाडीची किल्ली मावशीनं मुठीत घट्ट धरली, एवढंच राजेश्वरीला दिसलं. तिला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बैठक बसली. राजेश्वरी, सोमेश आणि शेजारची वैष्णवी.

"मावशी चार्जिंग लावते हे तू डोळ्यांनी बघितलंस?" राजेश्वरीनं विचारलं.

"अव्वा लावते, मी बघतो! सकाळी चार्जरचा हिरवा दिवाबी लागलेला असतो," सोमेश आईची बाजू घेत म्हणाला.

"मग भरलेली बॅटरी जाते कुठं?"

वैष्णवीनं गाडीकडे बोट दाखवलं. "तिच्या अंगावर दागिने केवढे चढवलेत बघ की!"

खरंच की! देवाच्या फोटोमागं गरगर फिरणारं प्रभावळीचं चक्र, टपाला रंगीत दिव्यांच्या माळा, पुढं दोन झगझगीत दिवे, एक पंखा आणि कर्ण्यासारखा भलामोठा स्पीकर. दर जत्रेआधी गावातल्या प्रत्येकाला देवाच्या गाडीला आपल्या नावाचा एक तरी दिवा द्यायचा असे. भर उन्हात, गाडी उभी असतानाही सगळं चालूच!

"पण मुरूमच्या बाजारात ई-रिक्षा असतात की," सोमेश म्हणाला. "त्यांच्यावर तर ह्याहून जास्त दिवे! गाणीबी लई मोठ्यानं. त्या कुठं बंद पडतात?"

राजेश्वरीचे डोळे चमकले. हा प्रश्न तिला भलताच आवडला. "सीटखालच्या बॅटऱ्या बघायला पाहिजेत!"

"काका हात लावू देणार न्हाईत," वैष्णवी म्हणाली. "पूजा केलेली हाय म्हणतात."

"पूजा केलीये?" राजेश्वरी हसली. "मग आपणही पूजाच करू!"

थोड्याच वेळात तिघं शिवलिंगप्पा काकांसमोर उभी राहिली. हातात आरतीचं तबक आणि चेहऱ्यावर अपार भक्ती. सोमेशच्या खिशात मात्र त्याच्या दादाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातलं व्होल्ट मोजायचं मीटर होतं.

"काका, गाडी चांगली चालावी म्हणून बॅटरीला हळदकुंकू लावायचंय."

काका विरघळलेच! "शाब्बास! असे संस्कार पायजेत!" म्हणत त्यांनी मावशीकडून किल्ली घेऊन गाडी बंद केली आणि स्वतःच्या हातानं सीट उचलली.

आत चार बॅटऱ्या ओळीनं बसल्या होत्या. तीन कोऱ्या करकरीत. चौथीवर कुंकवाचा जाड थर, वाळलेली फुलं आणि तिच्याच दोन टोकांना वायरींचा हा एवढा गुंता!

"सगळ्या वायरी ह्या एकीलाच कशा?" राजेश्वरीनं भोळेपणानं विचारलं.

"मीच सांगितलं!" काकांची छाती फुगली. "गाडी आली तवा ह्या बॅटरीची पूजा केली. देवाचा दिवा पूजेच्या बॅटरीवरच लावायचा ना? मग जो तो म्हणाया लागला, आमचाबी तिथंच जोडा. बिनपूजेच्या बॅटरीवर कोण लावून घेईल?"

"काका, आरती डोळे मिटून म्हणायची असते ना?"

काकांनी डोळे मिटले. वैष्णवीनं असा काही सूर लावला की झाडावरची पाखरं उडाली. तेवढ्यात सोमेशनं मीटरच्या दोन काड्या एकेका बॅटरीला टेकवल्या. तीन बॅटऱ्यांचे आकडे साडेबाराच्या पुढं. कुंकवाच्या बॅटरीचा अकराच्याही खाली!

आरती संपली, पण राजेश्वरीच्या डोक्यातलं चक्र आता कुठं फिरायला लागलं होतं. तिघं सायकली काढून थेट मुरूमच्या बाजारात गेली. रिक्षावाल्याला चार वेळा "दादा, दादा" केल्यावर त्यानं सीट उचलून दाखवली. दिव्यांच्या वायरी कुठल्याच एका बॅटरीला नव्हत्या. त्या एका लहानशा डबीतून येत होत्या आणि ती डबी बॅटऱ्यांच्या अख्ख्या ओळीच्या दोन टोकांना जोडलेली होती!

"समजलं!" राजेश्वरी ओरडली. परतताना तिची सायकल सगळ्यांच्या पुढं होती.

"काका, पालखीला खांदेकरी किती?" आल्या आल्या तिनं विचारलं.

"चार. का गं?"

"त्यातल्या एकाच्याच डोक्यावर साऱ्या गावाची गाठोडी दिली तर?"

"बसंल की तो मटकन!"

"आणि पालखी?"

"तीबी थांबंल..." बोलता बोलता काका थबकले.

"तसंच झालंय. गाडी चौघी मिळून ओढतात, पण दिवे, पंखा, स्पीकर ही कुंकवाची एकटी ओढते. चार्जर चौघींना सारखंच देतो, म्हणून तिची तूट कधी भरतच नाही. चढावर ती बसली की गाडी बसते."

काकांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे पूजेची बॅटरी खराब?"

"खराब नाही, काका. दमलीय."

काका घसा खाकरून म्हणाले, "उद्या सांजेपर्यंत बघू. सगळे दिवे लावून गाडी वर गेली तर ठीक. न्हायतर किल्ली द्यायची."

दिवे जोडून देणारा बंडप्पा डोकं खाजवत आला. "गाडी अठ्ठेचाळीस व्होल्टची, दिवे बाराचे. एका बॅटरीत बारा मिळतंय म्हणून जोडलं बघा. पुढचा इचारच केला न्हाय!" त्यानं त्या बॅटरीच्या साऱ्या वायरी सोडवल्या, तिला वेगळी चार्जिंगला लावली आणि उमरग्याहून तसलीच डबी आणली. कन्व्हर्टर म्हणतात तिला. चारी बॅटऱ्यांकडून सारखं घ्यायचं आणि दिव्यांना बारा व्होल्टच द्यायचे, हे तिचं काम. सोबत फ्यूज बसवला आणि गाडी उभी असताना दिवे बंद करायला एक बटणही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका मुद्दाम आणखी तीन पंचांना घेऊन मागं बसले. चारही जण चांगले अंगापिंडानं भरलेले! माळा लागल्या, प्रभावळ फिरली, स्पीकर गरजला. मावशीनं ओठ दाबून गाडी सोडली. मुलं मागून पळत निघाली.

वळण आलं. गाडीचा वेग जरासा कमी झाला...

आणि गाडी सरळ चढून गेली!

"यप्पा! चढली!" सोमेशनं उडीच मारली. वैष्णवीनं पुन्हा तोच सूर लावला आणि या वेळी कुणी कान झाकले नाहीत.

देवळापाशी काका खाली उतरले आणि मावशीपुढं हात पसरला. मावशीनं किल्ली दिली. काकांनी ती देवापुढं ठेवली, तिला कुंकू लावलं आणि परत मावशीच्या हातात दिली.

"चन्नम्मा, चूक माझी. बोल तुला लावला. उद्याच्या जत्रेत गाडी तूच चालवायची, आन् पुढंबी तूच." मग मुलांकडे वळून म्हणाले, "अन् ही पोरं! आरतीच्या वक्ताला माझे डोळे का मिटवले, ते आता कळलं!" सगळे पंच खदखदून हसले. मावशी हसता हसता पदरानं डोळे पुसत होती.

काकांनी कुंकवाची वाटी उचलून सीट वर केली आणि बोट कुंकवात बुडवून ते क्षणभर थांबले.

"राजेश्वरी, आता कुठल्या बॅटरीला लावायचं गं?"

"चौघींना, काका! सारखं!"

आणि काकांनी चारी बॅटऱ्यांना कुंकू लावलं.