धुळीच्या दिवशीचा विजेता

फव्वाज सरांचा फोन आला तेव्हा रहफ विद्यापीठाच्या आवारात होती. रेडिओ स्टेशनचे संचालक शिकाऊ मुलीला कधी स्वतः फोन करत नसत. "ओळखपत्र घेऊन ये," एवढंच ते म्हणाले.

ते तिच्या गळ्यातच होतं. सर ते परत मागणार आहेत, हे तिला जिना चढताना उमगलं.

पदवीसाठी लागणारी उमेदवारी ती अम्मानमधल्या या स्टेशनच्या प्रसिद्धी विभागात करत होती. सध्या गाजत होती ती स्टिकरची स्पर्धा. गाडीच्या मागच्या काचेवर स्टेशनचं स्टिकर लावायचं. स्टेशनची व्हॅन शहरात फिरणार आणि ज्याची गाडी थांबवणार, त्याला घरच्यांसह मक्केची उमरा यात्रा. सोमवारी सकाळी सहाव्या सर्कलच्या चौकाजवळ व्हॅनने नादिर नावाच्या मुलाची पांढरी गाडी थांबवली. बक्षीस थेट प्रसारणात जाहीर झालं.

दुसऱ्या दिवसापासून सोशल मीडियावर स्टेशनच्या पानावर लोक तुटून पडले. विजेता आणि तुमची शिकाऊ मुलगी एकाच विद्यापीठातले कसे?

"व्हॅनचा मार्ग आधीपासून दोघींनाच ठाऊक होता," फव्वाज सर म्हणाले. "सुहैरला आणि तुला. नादिरला कुणी सांगितलं?"

"मी नाही सांगितलं, सर. विद्यापीठात आपला स्टॉल लागला, त्या दिवशी तो टेबलं उचलायला आला होता. त्यापलीकडे माझी त्याची ओळख नाही."

खिडकीपाशी प्रसिद्धी विभागाची प्रमुख सुहैर बसली होती. तिला दमा होता. धूळ उठली की ती घराबाहेर पडत नसे. सोमवारचा मार्गही तिने रहफला घरूनच फोनवर सांगितला होता.

"सर, लहान आहे ती," सुहैर हळूच म्हणाली. "मैत्रीखातर बोलून गेली असेल. एकवार माफ करा."

रहफला सरांच्या प्रश्नापेक्षा ही माफीच जास्त लागली.

सरांनी ओळखपत्र ठेवून घेतलं. उद्या दुपारी विद्यापीठाला पत्र जाणार होतं. म्हणजे पदवी गेली, आणि अम्मानमधल्या एकाही स्टेशनचं दार यापुढे उघडणार नव्हतं.

खाली व्हॅनचा ड्रायव्हर अबू सखर दारांच्या फटींतली धूळ फडक्याने काढत होता. रविवारी रात्रभर वाळवंटाकडून वारा सुटला होता. पहाटे चार थेंब पडले आणि उघड्यावरची झाडून सगळी वाहनं हळदीने माखल्यासारखी पिवळी झाली. त्या पहाटे अबू सखरने रहफला तिच्या घरून आणलं होतं. दोघांनी मिळून व्हॅन धुतली आणि प्रसारण संपेपर्यंत दोघं एकमेकांच्या नजरेसमोरच होती.

"हे मी वर जाऊन सांगतो की," तो म्हणाला. "पण नादिरला फोन कुठूनही करता येतो म्हणतील." त्याने तिच्या हातात चहा दिला. "लेकी, अल्लाच्या घरची यात्रा आणि त्यातही लबाडी. माझ्या जुन्या गाडीवर पहिल्या दिवसापासून स्टिकर आहे, पण आम्ही पडलो नोकर माणसं."

त्याच्या गाडीवरचं स्टिकर जागोजागी फुगलेलं होतं. सुहैर त्यावरून त्याला नेहमी छेडायची, अबू सखर, काचेवर रोट्या भाजता का?

स्टिकर कसं लावायचं, हे रहफला सुहैरनेच शिकवलं होतं, अगदी पहिल्या आठवड्यात. आधी काचेवर साबणाचं पाणी फवारायचं, मग स्टिकर ठेवायचं आणि जुन्या कार्डाच्या कडेने आतलं पाणी बाहेर काढायचं. "एकही फुगा राहता कामा नये. लोक आपल्याला याच्यावरूनच ओळखतात. आणि मॅडम काय म्हणतेस? सुहैर म्हण. अगंतुगं चालेल मला." तेव्हा रहफला वाटलं होतं, आपल्याला मोठी बहीण मिळाली.

चहा पिता पिता तिने सोमवारचा फोटो उघडला. व्हॅन थांबल्या क्षणी तो तिनेच काढला होता. नादिर हसतोय. मागची काच पिवळीधमक. तिच्यावर गुळगुळीत, झळझळीत स्टिकर. स्टिकरभोवती बोटभर काच स्वच्छ, आणि तिथून खाली ओघळलेल्या दोन-तीन रेषा.

फोटो तिने मोठा करून पाहिला. चहा तसाच निवला.

नादिर तिला विद्यापीठाच्या कँटीनमध्ये सापडला. तिला पाहून तो उठायला लागला.

"एवढंच सांग," ती म्हणाली. "स्टिकर कधी लावलंस?"

"आठवड्यापूर्वी."

"गाडी कुठे असते?"

"रस्त्यावर, घरासमोर. आमच्याकडे कुठलं गॅरेज?"

"लावलंस कसं?"

"त्यात काय लावायचंय? मागचा कागद काढला, चिकटवलं."

"नुसतंच?"

"मग काय, इस्त्री करू?" तो हसला, पण नजर दाराकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अबू सखरला घेऊन सरांच्या खोलीत गेली. सुहैर तिथेच होती.

रहफने फोटो टेबलावर ठेवला. "सर, गाडी रविवारी रात्रभर उघड्यावर होती. काच पहाटेच्या धुळीने भरलीय. पण स्टिकरवर कण नाही. आठवड्यापूर्वी लावलं असतं तर तेही माखलं असतं. म्हणजे ते धुळीनंतर लागलंय, सोमवारी सकाळी."

"नादिरने लावलं असेल."

"तो सांगतो, कागद काढून नुसतं चिकटवलं. या ओघळलेल्या रेषा पाहा. आधी पाणी फवारलंय, म्हणून भोवतीची काच धुतली गेली. आणि फुगा एकही नाही. ही आपल्या विभागाची पद्धत आहे. ती येते दोघींनाच, त्यातली एक मी." तिने अबू सखरकडे हात केला. "मी पहाटेपासून अबू सखरबरोबर होते. फोन कुठूनही करता येतो, सर. स्टिकर फोनवरून लावता येत नाही."

"होय साहेब," अबू सखर म्हणाला. "पोरगी क्षणभर नजरेआड झाली नाही. आणि माझ्या हातचं स्टिकर कसं दिसतं, ते खाली येऊन बघा."

फव्वाज सर सुहैरकडे वळले. "तू घरी होतीस ना?"

सुहैर सरळ बसली.

"स्पर्धेचा प्रायोजक रेडिओ लावून बसला होता," ती म्हणाली. "अशा धुळीत रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आपली व्हॅन रिकामी फिरताना सगळ्या शहराने ऐकली असती. तोंडाला ओढणी बांधून गेले, स्टिकर लावलं, मुलाला कुठे उभं राहायचं ते सांगितलं. मी स्टेशनची अब्रू वाचवली, सर."

"आणि हिची?"

"ती शिकत्येय. दुसरीकडे कुठेतरी लागली असती. मला आता दुसरीकडे कोण घेणार?"

फव्वाज सरांनी खणातून ओळखपत्र काढून रहफपुढे सरकवलं. तिने त्याला हात लावला नाही.

"तुम्हाला शेजारपाजारचं कुणीही गाठता आलं असतं," ती सुहैरला म्हणाली. "पण स्टॉलच्या दिवशी तुम्ही नादिरचा नंबर मागून घेतलात, माझ्यासमोर. सोमवारी तोच काढलात. तेव्हा अजून तक्रार नव्हती, कुणाला संशय नव्हता. मग माझ्याच विद्यापीठातला मुलगा का निवडलात, मॅडम?"

सुहैरने पर्समधून श्वासाचा पंप काढला आणि तोंडाला लावला.

खिडकी उघडी होती. बाहेर हवा अगदी स्वच्छ होती.