सालमेलाचा जवस

ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीच्या मंगळवारी टेकडीवर पहिलं पाऊल हिल्मा रौतालाचं पडायचं. ते पडल्याशिवाय सूपाच्या कढईखाली जाळसुद्धा लागायचा नाही. तिला या कामावर कुणी नेमलं नव्हतं, आणि काढायची कुणाची छाती नव्हती. वाटाण्याच्या सूपात मीठ किती, घसरणीवर पाणी मारून बर्फ कधी घट्ट करायचा, गोड पावात सायीखाली बदामाचा लगदा भरायचा की रास्पबेरीचा मुरंबा, हे सगळं तीच ठरवी. मुरंबा भरणाऱ्यांना ती माणसांत धरत नसे.

त्या दिवशी थंडी चांगली कोरडी होती. श्वास घेतला की नाकातले केस काड्यांसारखे टोचत. खाली तळं पांढरं पसरलेलं, पलीकडच्या काठावर स्प्रूसचं काळं रान, त्याच्या वर सकाळचा फिकट गुलाबी पट्टा. सगळं गाव टेकडीवर लोटलं होतं. कुणी लाकडं फोडत होतं, कुणी थर्मासमधली कॉफी ओतत होतं, आणि हिल्मा मधोमध उभी राहून प्रत्येकाचं काय चुकतंय ते सांगत होती.

रीत साधी. घसरगाडीत बसायचं, टेकडीवरून खाली तळ्यावर जायचं आणि जाताना आपल्या घराचं नाव घेऊन ओरडायचं, अमक्या घराचा जवस उंच. गाडी जितकी लांब जाईल तितका त्या घरचा जवस उन्हाळ्यात उंच वाढतो. जिथे गाडी थांबेल तिथे त्या घराची स्प्रूसची फांदी रोवायची. आता कापडाच्या धाग्यासाठी जवस कुणी पेरत नाही, कापड दुकानातून येतं. पण न ओरडता घसरणं म्हणजे नुसतं पडणं, असं हिल्मा म्हणे. आणि नाव घ्यायचं ते आपल्याच घराचं. दुसऱ्या घराचं घेतलं तर घसरण त्या घरची होते, आणि घसरणारं माणूसही थोडंफार तिकडचं होऊन बसतं. हिल्माच्या लहानपणी एका मुलीने चुकून शेजारच्यांचं नाव घेतलं होतं. तिच्या आईने तिला स्वतःच्या घराचं नाव घेत इतक्यांदा परत घसरायला लावलं, की शेवटी पोरीचा आवाज बसला.

पहिली घसरण गावातल्या सगळ्यात नव्या सुनेची. यंदा ती सून रौतालाची होती.

ओनेर्वा दक्षिणेकडच्या समुद्रकाठची. शरद ऋतूत लग्न होऊन आली, आणि आता तिला चौथा महिना होता. तिच्या नवऱ्याने, ताउनोने, आदल्या दिवशी आईला हळूच सांगून पाहिलं, यंदा तिला नको बसवू. हिल्मा म्हणाली, तू पोटात असताना मी हीच घसरण घसरले, म्हणून तर एवढा ताडमाड झालास. ताउनो हिल्माचा एकुलता एक. नवरा गेला, दीर शहरात जाऊन नावही विसरले. रौतालाच्या दाराला पुढे कुलूप लागणार की पाळणा हलणार, हे सगळं त्या चौथ्या महिन्यावर होतं. म्हणूनच हिल्माला ते मूल जन्माआधी एकदा घराच्या नावाने घसरायला हवं होतं. एकदा ओरडलं की कायमचं आपलं.

तिने स्वतः सुनेचा मफलर बांधला, घराचं नाव कानात दोनदा सांगितलं आणि गाडीला जपून ढकललं.

गाडी संथ निघाली. उताराच्या मध्यावर एक जुना भूर्जवृक्ष आहे. तिथपर्यंत ओनेर्वा गप्प होती. तो मागे पडला आणि तिने स्वच्छ, खणखणीत आवाजात हाक दिली,

"सालमेलाचा जवस उंच."

लाकडं फोडणारे थांबले. कुणीतरी खोकलं. गाडी तळ्यावर उतरली आणि जातच राहिली. वारा नव्हता, तळ्यावरचा बर्फ भुसभुशीत होता, एरवी गाडी त्यात दहा पावलांत रुतते. ती गेली, गेली, आणि कुठल्याच वर्षी कुणाची फांदी जिथे पोचली नव्हती तिथे जाऊन थांबली.

त्या गावात सालमेला नावाचं घर नाही. आसपासच्या गावांतही नाही. हिल्माला प्रत्येक घर, त्याची पडवी, त्यातली भांडणं पाठ होती.

सून वर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि ती हसत होती. हिल्माने विचारलं, हे कुणाच्या घराचं नाव घेऊन आलीस बाई, तुझ्या माहेरच्या कुण्या सोयऱ्याचं?

"आई, मी रौतालाच म्हणाले," ओनेर्वा म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसंच."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा हिल्माला लांबून ओळखू येई. हिल्मा घाबरली नाही, तिला नवल वाटलं. बाई अशी, की चोर दिसला तर आधी तो आत कुठून आला ते विचारेल.

तिने ताउनोला बसवलं. बाप्या माणूस आहेस, नीट ओरड, म्हणाली. त्याला टेकडीवरच तीनदा नाव म्हणायला लावलं. तिन्ही वेळा तो बरोबर म्हणाला. मग गाडी सुटली, भूर्ज मागे पडला, आणि त्याचा जाडा आवाज आला, सालमेलाचा जवस उंच. त्याची गाडी बायकोच्या फांदीपाशी जाऊन थांबली.

वर आल्यावर हिल्माने त्याला धरलं. तो गोंधळला नाही. बरोबरच तर म्हणालो, म्हणाला, आणि सूपाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

कोर्पीच्या घरचा म्हातारा वेइक्को हे सगळं बघत कॉफी पीत होता. गावात हिल्माला उलट बोलणारा तो एकटा, आणि म्हणून तिच्या मनात त्याच्याविषयी थोडा आदर होता, तो तिने कधी दाखवला नाही.

"हिल्मे," तो म्हणाला, "तुझ्या घरच्यांना नावसुद्धा धड घेता येत नाही. बघ, कोर्पीची माणसं कशी ओरडतात ते."

तो बसला. दाढीवर दव गोठलेलं, पाय पुढे ताणलेले. हिल्मा या वेळी वर थांबली नाही. उताराच्या कडेने उतरून ती भूर्जापाशी जाऊन उभी राहिली, कान देऊन. वेइक्को तिच्यासमोरून गेला तेव्हा त्याचं तोंड 'को' म्हणायला गोल झालं होतं. पुढच्या क्षणी ते पसरलं आणि त्यातून निघालं, सालमेला.

ती तिथेच उभी राहिली. तेव्हा तिला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे भूर्जापाशी वरचा गलका ऐकू येत नव्हता. कुऱ्हाडी वर उठत होत्या, खाली येत होत्या, आवाज नव्हता. आणि दुसरी म्हणजे वास. उग्र, कुबट, पाण्यात कुजत घातलेल्या जवसाचा वास. तिची आई उन्हाळ्यात, धागा सुटावा म्हणून, तळ्याच्या काठाशी जुड्या बुडवून ठेवायची, तेव्हा हातांना असा वास यायचा. त्यानंतर आजवर हिल्माला तो आला नव्हता. भर हिवाळ्यात, हातभर बर्फाखाली, असा वास यायला काही जागा नाही. तिने हातमोजे काढून हात हुंगले. तिच्या हातांना येत नव्हता.

ती वर आली तेव्हा वेइक्को तिच्याआधी पोचला होता. तिने विचारलं, काय रे, कोर्पी कुठे सांडलंस? त्याने तिच्याकडे, ओळखीचा माणूस कोड्यात बोलल्यावर बघावं तसं पाहिलं. माझा जन्म सालमेलाचा, म्हणाला. बापाचाही. कुठे आहे ते घर, तिने विचारलं. त्याने कॉफीचा पेला धरलेल्या हाताने पलीकडच्या काठाकडे दाखवलं. तिथे स्प्रूसचं रान होतं.

तिने आणखी चौघांना विचारलं. घसरून आलेल्या प्रत्येकाने तीच जागा दाखवली. बोट इकडेतिकडे गेलं नाही. न घसरलेले हसत होते आणि गाडीसाठी रांग लावत होते. तिने रांगेसमोर आडवं उभं राहून पाहिलं, घसरण बंद म्हणून सांगितलं. लोक तिला वळसा घालून गेले. चिडून नाही, रस्त्यात दगड असला की जातात तसे. जन्मात पहिल्यांदा हिल्माचं कुणी ऐकलं नाही.

दुपार उतरत गेली. तळ्यावरच्या फांद्या सगळ्या एकाच ठिकाणी जमत होत्या. लोक त्या कशाही रोवून येत, पण वरून पाहिलं तर त्यांची सरळ ओळ झाली होती, कुंपणासारखी. मध्ये एक जागा रिकामी होती. दाराएवढी.

सूपाच्या कढईपाशी ओनेर्वा आणि ताउनो शेजारी बसून खात होते. ओनेर्वाचा हात पोटावर होता. ती ताउनोला काही सांगत होती आणि तो मान डोलवत होता. हिल्मा जवळ गेली. पाळणा कुठल्या खोलीत ठेवायचा याचं बोलणं चाललं होतं. तळ्याकडच्या खोलीत, ओनेर्वा म्हणत होती, तिथे सकाळचं ऊन येतं.

रौतालाच्या घराला तळ्याकडे खोली नाही.

तेव्हा हिल्माने ठरवलं. गाडी कुणाची लांब गेली याच्याशी तिला आता देणंघेणं नव्हतं. भूर्ज ओलांडून एका माणसाने जरी घराचं खरं नाव घेतलं, तरी घर राहील. ते नाव तिच्याइतकं घट्ट कुणाच्या जिभेवर असणार?

ती गाडीत बसली. कुणाला ढकलायला सांगितलं नाही. हातांनीच बर्फ मागे सारला.

गाडी निघाली. वारा डोळ्यांत गेला. भूर्ज जवळ आला आणि सगळे आवाज बंद झाले, गाडीच्या पट्ट्यांची खरखरसुद्धा.

वास आला.

तिच्या जिभेवर काहीतरी येऊन बसलं. गोड होतं ते, लहानपणापासून माहीत असल्यासारखं. फक्त तोंड उघडायचं होतं. तिने दात आवळून धरले. जिभेला रक्ताची चव आली.

मग ती ओरडली.

"रौतालाचा जवस उंच."

आवाज चिरका निघाला, पण शब्द स्वच्छ होता. अक्षर न् अक्षर.

गाडी तिथेच थांबली. उतार संपायच्या आधी, वाळूत रुतावी तशी.

हिल्मा जराशी बसून राहिली. मग तिला हसू आलं. जिंकले मी, ती स्वतःशी म्हणाली, आणि गाडीची दोरी धरून वर चढू लागली. पाय दुखत होते, त्याची तिला पर्वा नव्हती. आता त्या दोघांना घरी नेऊन सौनाची वाफेची खोली तापवायची, अंग शेकायचं, झोपायचं. सकाळी सगळं ठीक.

निम्म्या वाटेत ताउनो धावत खाली आला. तिच्या हातातली दोरी त्याने घेतली.

"लागलं नाही ना तुम्हाला?" त्याने विचारलं.

ती थांबली. बोलायला लागल्यापासून तो तिला तू म्हणत आला होता.

थट्टा पुरे, ती म्हणाली, बायकोला घे आणि घरी चल. तो ओशाळला. मोठं माणूस उगाच रागावलं तर काय बोलावं हे न कळून माणूस ओशाळतं, तसा. त्याने तिचा कोपर अलगद धरला, वर आणलं, लाकडाच्या ओंडक्यावर बसवलं आणि बायकोला हाक मारली.

वेइक्को शेजारून गेला. त्याने टोपीला हात लावला, पाहुण्यांना लावतात तसा, आणि काही टोचून बोलला नाही.

ओनेर्वाने सूपाचा वाडगा आणला. आपली शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली. जवळ बसली. हिल्माने तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि तिला एवढंच विचारता आलं, की मूल कुणाच्या नावाचं.

"मुलगी झाली तर हिल्मा ठेवणार आहोत," ओनेर्वा म्हणाली. "ताउनोच्या आईचं नाव. मी त्यांना पाहिलं नाही. मी सालमेलात यायच्या आधीच गेल्या त्या."

हिल्माने वाडगा मांडीवर टेकवला.

"कशाने?"

"याच टेकडीवर, आजीबाई. असंच सगळं गाव जमलं होतं म्हणे." तिने वाडगा तिच्या तोंडाशी नेला, लहान मुलाला भरवावं तसा. "घसरता घसरता त्यांनी भलत्याच एका घराचं नाव घेतलं. कुठलं, ते आता कुणालाच आठवत नाही."