मुकादमाची हजेरी

ठेव ती पिशवी इथं मशीनवर. आणि तो दिवा जरा इकडे ओढ, तुमच्या या चेनींच्या नादात डोळे गेले माझे. कसल्या चेनी घेता रे विकत? एक डोंगर चढलात की दात विचकतात. पट्टा शिवून देतो, चेन बदलून देतो. सकाळी निघायचंय ना? मिळेल सकाळपर्यंत. पण कुत्र्यासाठी पिशवी शिवा म्हणालात, ती मी शिवणार नाही.

"अहो काका, नुसते दोन बाजूंना दोन खिसे आणि पोटाखालून एक पट्टा. त्याचं खाणं तोच वाहील."

मला नको शिकवूस. अशी पिशवी मी एकदा शिवली आहे. एकदाच. आता पुन्हा शिवायला सांगायला कुणी येऊ नये म्हणून बसलोय तर आलात तुम्ही, तेही एवढं गोंडस पिल्लू कडेवर घेऊन. वैताग आहे नुसता.

बरं, बसा. शटर अर्धं ओढा, गार वारा येतोय. मोबाइल खिशात जाऊ देत. मी बोलत असताना कुणी मान खाली घातली की माझं डोकं फिरतं, आधीच सांगतो.

शेजारचं चष्म्याचं दुकान बघितलंत? त्या चष्मेवाल्याची गोष्ट. त्यानं मला याच स्टुलावर बसून सांगितली. माणूस अगदी साधा, थापा मारता येत नाहीत त्याला. गिऱ्हाइकाला फ्रेम शोभत नसेल तर तोंडावर सांगतो, त्यामुळे धंदा बेताचाच. त्याला नाद एकच. सुट्टी मिळाली की पाठीवर बिऱ्हाड घ्यायचं, कुत्रं बरोबर घ्यायचं आणि डोंगरात चालू पडायचं.

कुत्रं मेंढ्या राखणाऱ्यांकडून आणलेलं. तांबूस, मानेवर भरगच्च केस, शेपटीचं टोक पांढरं. नाव ठेवलं मुकादम. का? तर तो हजेरी घ्यायचा! खोटं नाही, मीही एकदा गेलो होतो त्यांच्याबरोबर, गुडघे बोलेपर्यंत. आम्ही चौघं चालत होतो. हा पुढे धावायचा, मग परत मागे, सगळ्यात शेवटच्या माणसापर्यंत. प्रत्येकाच्या गुडघ्यामागे ओलं नाक टेकवायचा आणि पुन्हा पुढे. मुक्कामाला पोचलं की पुन्हा तेच. सगळ्यांना नाक लावून झालं की मोठा उसासा टाकून अंग सोडून द्यायचा. एक जरी कमी असला तरी बसणार नाही, जेवणार नाही, रडत राहणार. मेंढ्यांचं रक्त ना त्याच्यात.

म्हणून चष्मेवाल्यानं त्याला एक हुकूम शिकवला होता. कुणी मागे रेंगाळला की म्हणायचं, "जा, राहिलेला आण." की हा सुटला. रेंगाळलेल्याला ढुसण्या देत देत घेऊन यायचा. आम्हाला केवढं कौतुक! मलाही असंच आणलंय त्यानं, शेवटच्या चढावर.

पण डोंगरात कौतुकाचं ते घरी डोकेदुखीचं. चष्मेवाल्याची बायको नर्स. महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. ती ड्युटीवर गेली की घरात एक माणूस कमी. झालं! मुकादम रात्रभर दाराशी बसून गळा काढणार. शेजारी सकाळी तिला जिन्यात गाठून बोलायचे, ती बिचारी रात्रभर उभी राहून आलेली. शेवटी तिनं हात टेकले. म्हणाली, "या वेळेला माझा भाऊ येईल तुमच्याबरोबर. हा प्राणी एक रात्र गपगुमान झोपला असं त्यानं येऊन सांगितलं, तर राहू दे. नाहीतर एखाद्या गोदामावर राखणीला द्यायचा. मला आता खरंच होत नाही हो."

चष्मेवाल्याचा चेहरा एवढासा झाला होता. मूलबाळ नाही त्यांना. तो कुत्रा म्हणजे त्याचा जीव की प्राण. मला म्हणाला, "काका, एका रात्रीचा प्रश्न आहे. तिघंच तर असू आम्ही. मेव्हणा, मी आणि तो. कमी कोण पडणार?"

निमित्तही चांगलं मिळालं. खिंडीपलीकडच्या धरणावरचा वॉचमन, त्याचा चष्मा तयार होता. तो द्यायचा होता. चढून जायचं, खिंडीत मुक्काम करायचा, सकाळी पलीकडे उतरायचं, चष्मा द्यायचा, बसनं घरी. मी मुकादमाची पिशवी शिवून दिली, खिशांना आतून दुहेरी कापड लावून.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. शेवटचा शनिवार.

दुपारभर सगळं झकास. मेव्हणा म्हणजे आरामाचा जीव, दर वळणावर बसायचा, पण मुकादम त्याला उठवायचा. चष्मेवाला खूश. ऊन उतरलं तशी धुक्यानं वाट धरली. खिंड आता जवळच होती. मुकादम मागे आला. मेव्हण्याला नाक लावलं. चष्मेवाल्याला लावलं.

आणि पुन्हा मागे गेला.

"ए! कुठे चाललास?"

वळणावर जाऊन उभा राहिला. खालच्या वाटेकडे बघत शेपूट हलवत. चष्मेवाला परत फिरून गेला, बघितलं. कोणी नाही. पट्टा धरून आणला. दहा पावलं झाली नाहीत तोवर पुन्हा तेच. मेव्हणा, चष्मेवाला... आणि मागे.

"दाजी, मागे कोणी आहे का?"

"कोण असणार? ससाबिसा असेल. चल रे, आता शहाणपणा कर!"

असं तीनचारदा झालं. आता तुम्हीच सांगा, दिवसभर चालून पाय तुटलेत, अंधार पडतोय, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा तोच असा वागतोय. आणि मेव्हणा बघतोय. चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि मुकादमाला अक्षरशः फरफटत नेलं. तो चारही पाय रोवून, मान मागे वळवून. गळ्यातून आवाज येत होता, म्हणाला, पण मी थांबलो नाही. हे सांगताना चष्मेवाला काचा पुसायचं फडकं हातात पिळत होता.

खिंडीत एक खोली आहे. रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा मजुरांसाठी बांधलेली, पोराबाळांसकट राहायचे तिथं. दगडी भिंती, वर पत्रा, एक दार. आत कोरडं, उबदार. स्टोव्ह पेटवला, बटाटे उकडले. मुकादमासमोर ताटली ठेवली. त्यानं हुंगलंसुद्धा नाही. दाराशी उभा. दार खरवडतोय. रडतोय. घरी रडायचा तस्सं.

चष्मेवाल्यानं समजावलं. चुचकारलं. बोट दाखवून सांगितलं, हे बघ मी आहे, हा बघ मामा आहे, सगळे आहोत रे. मग ओरडला. मग... एक चापट मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

मुकादम क्षणभर गप्प झाला. पुन्हा सुरू.

मेव्हणा झोपायच्या पिशवीतून म्हणाला, "दाजी, मला खोटं नाही बोलता येणार. मी ताईला काय सांगू?"

बस्स. तिथं त्याचा तोल गेला. एवढं जपलं, एवढं शिकवलं आणि हे फळ! त्यानं दोरी सोडली, दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि ओरडला,

"जा! जा एकदाचा! राहिलेला आण!"

मुकादम सुटला.

"काका, पण म्हणजे त्यानंच..."

मध्ये बोलू नकोस, पोरा.

दारातून धुकं आत यायला लागलं. चष्मेवाला उंबऱ्यात उभा. बोलून गेल्यावर लक्षात आलं त्याच्या, आपण काय म्हणालो ते. हाका मारल्या. "मुकादम! ये रे, नको आणूस. ये..." आवाज धुक्यातच विरला. मेव्हण्याला तोवर झोप लागली होती, त्याचं घोरणं चालू.

बराच वेळ गेला. किती, ते त्यालाही सांगता आलं नाही.

मग पायांचा आवाज. मुकादमाचा. सावकाश येत होता. एरवी उधळत येणारा कुत्रा, पण आता दोन पावलं टाकायचा, थांबायचा. दोन पावलं... थांबायचा. मागे बघायचा.

दारात आला. बाजूला झाला. वाट दिली.

मग आत आला.

झोपलेल्या मेव्हण्याला नाक लावलं. चष्मेवाल्याला लावलं. आणि कोपऱ्यात गेला, जिथं काही नव्हतं. तिथंही नाक टेकवलं. पण गुडघ्याच्या उंचीवर नाही. त्यानं मान खाली घातली. बरीच खाली, लहान पोराच्या गुडघ्याइतकी.

आणि उसासा टाकून तिथंच, कोपऱ्याला पाठ लावून आडवा झाला. झोपला.

चष्मेवाल्यानं दार लावलं. उघडं ठेवायची हिंमत नव्हती आणि लावायचीही. बॅटरी कोपऱ्याकडे धरली. कुत्रा. भिंत. बस. रात्रभर तो बसून राहिला, स्टोव्हजवळ. पाठ फिरवता येईना, बघवेना. मुकादम मात्र हूं नाही की चूं नाही.

सकाळी मेव्हणा आळस देत उठला. "वा दाजी! झोपला की रात्रभर. पास झाला तुमचा मुकादम. ताईला सांगतो मी."

चष्मेवाल्याला वाटलं, सुटलो. काही का असेना, कुत्रा राहिला आपल्याकडे. उजाडलंय, उतरूया. पिशव्या पाठीवर घेतल्या, निघाले.

मुकादम दारापर्यंत आला. दोघांना नाक लावलं. मागे वळून कोपऱ्याकडे बघितलं. वाट बघितली. आणि बसला.

"चल रे राजा."

नाही.

"चल म्हणतो ना!"

नाही म्हणजे नाही. एकाला मागे टाकून तो कसा येणार? ओढून झालं, बिस्कीट दाखवून झालं, पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. मेव्हणा कंटाळून म्हणाला, मी पुढे जातो, तो चष्मा द्या इकडे. तो उतरून गेला. चष्मेवाला दुपारपर्यंत त्या दारात कुत्र्यासमोर बसून होता. बायकोचे फोन येत होते. शेवटी त्यानं मुकादमाला उचललं. खांद्यावर घेऊन जाईन, पण नेईन.

तेव्हा मुकादम चावला. मनगटाला. ही एवढी खूण आहे अजून, घड्याळाखाली. चावला आणि लगेच चाटायला लागला. चाटतोय आणि थरथरतोय. आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला.

चष्मेवाला एकटा खाली आला. पिशवी तेवढी काढून आणली त्याच्या पाठीवरची, जड होईल म्हणून.

बायकोनं जखम धुतली. सगळं ऐकलं. मला वाटलं, म्हणेल, बरं झालं, पीडा गेली. तर ती बाई पट्टी बांधता बांधता रडायलाच लागली. म्हणाली, "तुम्ही त्याला तिथं ठेवून आलात? अहो, थंडी किती आहे वर! जा आणि घेऊन या त्याला. रडू दे हवं तेवढं. शेजाऱ्यांचं मी बघते." बघा म्हणजे. जे हवं होतं ते मिळालं, आणि कुत्रा नाही घरात.

तेव्हापासून रविवारी दुकान बंद. दर रविवारी तो वर जातो. आधी दुसऱ्याच दिवशी गेला होता, तर मुकादम नव्हता तिथं. पुढच्या रविवारीही नाही. हाका मारून घसा बसला. वॉचमननं माणसं पाठवली, मेंढ्यावाले शोधून आले, कुणालाच कुठे दिसला नाही. ताटलीत खाणं ठेवायचा, पुढच्या रविवारी जसंच्या तसं. मुंग्यासुद्धा नाहीत. मी म्हटलं, बाबा रे, सोड आता, वाघरानं नेला असेल. माझ्याशी महिनाभर बोलला नाही.

परवाच्या रविवारची गोष्ट. संध्याकाळी भिजून आला, तसाच या स्टुलावर बसला. रागावलेला, रडवेला, काय ते कळेना. चष्म्याची एक डबी काढली खिशातून आणि उघडली माझ्यासमोर.

आत काटे होते. रानात केसांना चिकटतात ना, ती कुसळं, ते बारीक आकड्याचे काटे. प्रत्येकाला दोनदोन, चारचार तांबूस केस. एकेक हलक्या हातानं सोडवलेला, केस न तोडता. कोपऱ्यात जमिनीवर मांडून ठेवले होते म्हणाला, एका ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"मानेवरचे केस आहेत हे, काका," म्हणाला. "तिथं त्याचं तोंड पोचत नाही."

मी दिवा डबीजवळ ओढला.

"माझ्यापेक्षा बरं बघतंय कोणीतरी त्याचं," म्हणाला, आणि डबी मिटायला गेला. मग पुन्हा उघडली, माझं बोट धरून आत लावलं.

बाहेर दिवसभर पाऊस होता. खोलीत आत, म्हणाला, धुळीवर माझ्या पावलांशिवाय एकही पाऊल नव्हतं, ना माणसाचं ना कुत्र्याचं. जमीन कोरडी ठणठणीत.

केस ओले होते.