आनेके व्हिसरचा मृत्युदाखला

आनेके व्हिसरने स्वतःचाच मृत्युदाखला डायनिंग टेबलावर ठेवला आणि ती रडायला लागली.

प्रमोद करंदीकर चहा गाळता गाळता थांबले. ही एकोणसाठ वर्षांची डच शेजारीण एरवी कुंपणावरून लिंबं देताना हसतच असायची. परदेशात हेन्डरसनला मुलाकडे राहायला आल्यापासूनच्या चार महिन्यांत त्यांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या पत्नी वसुंधराबाईंनी चष्मा लावला. पुण्यात सव्वीस वर्षं त्यांनी खासगी चौकशीचं काम केलं होतं, बहुतेक लग्नाच्या स्थळांची. रडणाऱ्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग तारखा विचारायच्या, ही त्यांची पद्धत.

दाखला हॉलंडमधल्या हार्लेमचा होता. आनेके व्हिसर, वय दोन वर्षं. वडील यान, आई खेर्टे. मृत्यू फेब्रुवारी १९४५.

"माझा धाकटा भाऊ डर्क घराण्याचा इतिहास लिहितोय," आनेके म्हणाली. "तो म्हणतो, खरी आनेके युद्धातल्या उपासमारीत गेली. मग आईबाबांनी कुठलं तरी अनाथ पोर उचललं आणि त्याला तिचं नाव दिलं. ते पोर म्हणजे मी. माझ्या जन्माची नोंदच तिथे सापडत नाही म्हणे."

"तुमची जन्मतारीख?"

"नऊ जून १९४७. डर्क १९४९ चा. आम्ही लहानपणी इथे आलो ते आईच्या पासपोर्टवर, माझा जन्मदाखला कधी काढलाच नाही."

अंथरुणाला खिळलेल्या आईचं अकरा वर्षं सगळं आनेकेने केलं होतं. आई दोन महिन्यांपूर्वी गेली. मृत्युपत्रात राहतं घर 'माझ्या मुलांना' दिलं होतं, आणि डर्कने आनेकेला महिन्याअखेर घर सोडायला सांगितलं होतं. आईच्या थडग्यावरच्या दगडावर 'डर्कची आई' एवढंच कोरायचं होतं. मजकूर दोन आठवड्यांनी, शुक्रवारी पक्का व्हायचा होता.

"घर गेलं तरी चालेल," आनेके म्हणाली. "ती माझी आई होती की नव्हती, एवढंच मला सांगा."

"जुने कागद काही?"

"आईची लग्नाची पुस्तिका होती. आमच्याकडे नगरपालिकेत लग्न लागलं की देतात. मुलं झाली की कारकून त्यातच लिहितो. आई कुणाला हात लावू देत नसे. अंत्यविधीनंतर पुस्तिका शिवणाच्या खणातून नाहीशी झाली."

डर्कचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला होतं. नवंकोरं, आणि हॉलच्या भिंतीभर वंशावळीचा तक्ता.

"दोन वर्षं खपलोय," तो म्हणाला. "हीप्स ऑफ वर्क!"

प्रमोदराव तक्त्याशी नाक लावून उभे होते. "हे बघा, सख्ख्या भावांचं एकच नाव! पीटर १८८१, पीटर १८८४. टायपिंगची चूक झाली."

"माझ्या तक्त्यात चुका नसतात," डर्क तुटकपणे म्हणाला.

वसुंधराबाई मुकाट्याने वहीत उतरवून घेत होत्या. यान आणि खेर्टे, विवाह १४ मे १९४१, नोंद क्रमांक २१७.

"आईची पुस्तिका कुठे असेल?"

"मी कधी पाहिलीही नाही. आईनेच टाकली असेल."

"आणि बहीण?"

"बहीण नाही ती. माझा राग नाही तिच्यावर. पण रेकॉर्ड इज रेकॉर्ड."

अकरा वर्षं आईची कूस बदलणाऱ्या बाईबद्दल तो हे बोलत होता, आणि बोलता बोलता बिस्किट खात होता. वसुंधराबाईंनी त्याच्या कॉफीला हात लावला नाही.

डर्कसाठी नोंदी शोधणारी लोर्ना हेन्डरसनच्या लायब्ररीत भेटली. वंशावळी शोधणाऱ्यांना ती विनामोबदला मदत करायची.

"किया ओरा! हॉलंडचं सोपं असतं," तिथल्या रीतीने नमस्कार करत ती म्हणाली. "मृत्यूची नोंद पन्नास वर्षांनी खुली होते, लग्नाची पंचाहत्तर, जन्माची शंभर. त्यामुळे १९४५ चा मृत्यू लगेच मिळाला."

"त्या पिढीचं आणखी काही?"

"काहीच नाही. डर्कला सगळं समजावलं होतं. स्वतःच्या जन्माचा उतारा मात्र ज्याचा तो मागवू शकतो."

बाहेर पडताना प्रमोदराव हळहळले. "म्हणजे बिचारी खरंच अनाथ?"

"अहो, चहाबरोबर अक्कलही गाळलीत का?" वसुंधराबाई कडाडल्या. त्या संध्याकाळी त्यांनी आनेकेला हार्लेमला अर्ज पाठवायला लावला.

शुक्रवारी सगळे दगड कोरणाऱ्याच्या अंगणात जमले. डर्कच्या काखेत जाडजूड फाइल होती.

"डर्क, तो दाखला खरा आहे," वसुंधराबाईंनी सुरुवात केली. "आनेके नावाची मुलगी खरोखर गेली. दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली, तिला तेच नाव दिलं. तुमच्या तक्त्यातले दोन पीटर तसेच. पहिला गेला, म्हणून दुसऱ्याला त्याचं नाव. माझे मिस्टर चूक म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात. म्हणजे ही घरची रीत तुम्हाला ठाऊक होती."

"हा नुसता तर्क. हिच्या जन्माची नोंद कुठे आहे?"

"तुमच्या जन्माची कुठे आहे?"

डर्कने काखेतली फाइल आणखी घट्ट दाबली.

"शंभर वर्षं बंद म्हणजे दोघांचीही बंद. तुमच्याच न्यायाने तुम्हीही कुठून तरी उचलून आणलेले! आणि आईवडिलांच्या लग्नाची नोंद २०१६ पर्यंत बंद आहे. तारीख आई सांगेल हो, पण नोंद क्रमांक कुणाच्या आईला पाठ असतो? २१७ हा आकडा तुम्ही त्या पुस्तिकेतूनच घेतलात. जी तुम्ही कधी पाहिलीही नाही!"

"मी... माझा गैरसमज..."

"आनेकेचा उतारा आज ना उद्या येईलच. सव्वीस वर्षांत मी लबाड माणसं पुष्कळ पाहिली. पण घरासाठी मेलेल्या बहिणीला जिवंत बहिणीविरुद्ध साक्षीला उभं करणारा तुमच्यासारखा नाही पाहिला. काढा ती पुस्तिका!"

डर्कने मान खाली घालून फाइल उघडली. निळी पुस्तिका सर्वांत तळाशी होती.

आनेकेने पान उलटलं. कारकुनाच्या अक्षरात पहिली ओळ आनेके, १९४३, पुढे मृत्यूची तारीख. दुसरी ओळ आनेके, ९ जून १९४७. तिसरी डर्क. दुसऱ्या ओळीवरून तिने एकदाच बोट फिरवलं. मग पहिल्या ओळीवर तिने तळहात ठेवला.

"एवढं दुःख आईने एकटीने सांभाळलं," ती म्हणाली. "मला कधी कळूही दिलं नाही."

मग तिने दगडावरचा मजकूर स्वतः लिहून दिला. डर्कचं नाव तिने गाळलं नाही.

कारागिराने कागद वाचला आणि प्रमोदरावांकडे वळून हळूच विचारलं, "मेट, इथे आनेके दोनदा आलंय. चूक झालीये का?"

"चूक नाही," प्रमोदराव म्हणाले. "दोन्ही कोरा."