उशीवरून नजर काढू नका

"अहो बाई, त्या उशीवरून नजर काढू नका!"

माझं प्रेमप्रकरण असं सुरू झालं. मी पोर्ट टाऊनसेंडच्या धक्क्यावर बसून कागदी वाटीतलं शिंपल्यांचं सूप पीत होते. सकाळी शाळेची मुलं पोचवून झाली होती, दुपारची बस काढायला अजून दीड तास होता. पाऊस म्हणावा तर पडत नव्हता, नाही म्हणावं तर केस ओले होत होते. आणि समोर पाण्यात एक लाल उशी तरंगत होती. तिच्यावर काळ्या रंगाने झुबकेदार मिशा काढलेल्या.

ओरडणारा माणूस तिकडे लांब, शिडाच्या एका होडीत एकटाच होता.

"कोण, मी?" मी विचारलं.

"तुम्हीच. बोट रोखून धरा तिच्यावर. लाटांमध्ये मला दिसतच नाहीये. बर्नार्ड बुडतोय हो..."

मी बोट रोखलं. का, ते विचारू नका. मी डोंगरापलीकडची, गव्हाच्या मुलखातली. आमच्याकडे सगळ्यात खोल पाणी म्हणजे गुरांचा हौद. या लोकांची रीत मला काय माहीत? होडीतून कुणी पडलं, की उरलेल्यांतल्या एकाने सगळं टाकून फक्त त्याच्याकडे बोट रोखून उभं राहायचं. पापणी लवली तरी लाटांमधलं डोकं हरवतं, आणि एकदा हरवलं की सापडत नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, माणूस ठार वेडा आहे, पण बोलतो गोड.

तीन वेळा त्याने होडी वळवून आणली आणि तिन्ही वेळा उशी चुकली. चौथ्या खेपेला लांब काठीच्या आकड्याने त्याने तिला ओढून घेतलं आणि धक्क्याला येऊन लागला. उंच, हडकुळा, कानाच्या पाळ्या थंडीने लाल झालेल्या.

"सूप गार झालं असेल तुमचं," तो म्हणाला.

"झालंच. कुणामुळे?"

"बर्नार्डमुळे. तो जरा धांदरट आहे. मी वेंडेल."

"सिग्ने. आणि उशीच्या जागी माणूस असता तर? पंचवीस मिनिटं लावलीत. या पाण्यात माणूस टिकतो किती?"

त्याचं हसू जरा उतरलं. "दहा मिनिटांत हात चालेनासे होतात. म्हणून तर सराव करतोय."

"एकट्याने?"

"दुसरं कुणी नाहीये ना..." असं म्हणून त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी ते गार सूप घटाघटा पिऊन टाकलं.

मग काय, दर शनिवारी बर्नार्ड पाण्यात पडायला लागला आणि मी बोट रोखायला जायला लागले. एकदा लाकडाला वॉर्निश लावताना माझ्या नाकावर थेंब उडाला. तो पुसता पुसता "तुम्ही"चं "तू" झालं, ते आम्हा दोघांनाही घरी गेल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या हिवाळ्यात मी दोन पिशव्या घेऊन त्याच्या होडीवर राहायलाच गेले. होडीचं नाव 'मर्लेट'. चौतीस फूट लांब, आणि त्यात वेंडेलचे गुडघे कुठे ठेवायचे हा रोजचा प्रश्न. गादीच्या खाली ओल, छतावरून ठिबक, आंघोळीला भर पावसात धक्क्यावरच्या खोलीपर्यंत चालत जायचं. मीठ हवं असेल तर आधी सुटे नटबोल्ट बाहेर काढायचे, आणि नटबोल्ट हवे असतील तर मला उठवायचं. मी आयुष्यात इतकी सुखी कधीच नव्हते.

फक्त एक गोष्ट होती. वेंडेलला समुद्रावर जायचं होतं. म्हणजे खऱ्याखुऱ्या समुद्रावर. ऑगस्टमध्ये सामुद्रधुनीतून बाहेर पडायचं, केप फ्लॅटरीच्या भूशिरापाशी डावीकडे वळायचं, मेक्सिकोपर्यंत खाली जायचं, आणि मग तिथून पुढे जमीन दिसेपर्यंत महिनाभर नुसतं पाणी. मी हो म्हणाले होते. प्रेमात माणूस काय वाट्टेल त्याला हो म्हणतं.

तयारी सुरू झाली तशी माझी झोप उडाली. महासागरात दोघांनी पाळीपाळीने जागायचं असतं, एक वर सुकाणूपाशी, एक खाली झोपलेलं. मी डोळे मिटले की मला एकच दिसायचं. मी झोपून उठतेय, वर येतेय, आणि वर कुणीच नाहीये. शिडं भरलेली, होडी आपली सरळ चाललीय, आणि वेंडेल... किती वेळापूर्वी, कुठे, काही पत्ता नाही. आणि समजा मी बघितलंच त्याला पडताना, तरी काय? दोघंच असलो तर बोट रोखणार कोण आणि होडी वळवणार कोण? हा हिशोब मला कधी सुटलाच नाही. मी काही त्याला बोलले नाही. तो रात्रंदिवस इतका आनंदात होता, की बोलायचं तरी कसं?

तो जेवढी जास्त तयारी करायचा, तेवढी मला जास्त भीती वाटायची. डोलकाठीच्या सगळ्या तारा नव्या. होडीच्या बुडाला जिथे जिथे नळीसाठी भोक, तिथे तिथे नळी फुटली तर ठोकायला दोरीने बांधलेलं लाकडी बूच. रबरी नावेची हवा काढून, गुंडाळी करून ती डेकवर आवळलेली. गोड्या पाण्याचे कॅन तर विचारूच नका, दोन्ही बाजूंचे कठडे भरले म्हणून उरलेले मागच्या कठड्याला. शेजारच्या होडीवर लोर्ना राहायची. सत्तरीची, नवऱ्याबरोबर ताहितीपर्यंत जाऊन आलेली आणि जिभेला हाड नसलेली. ती एकदा कॉफीचा मग घेऊन आली, आमची होडी मागून पुढून न्याहाळली आणि म्हणाली, "काय रे, घर हलवताय का? पहिल्या खेपेला सगळे असंच बांधतात. इतकं बांधतात, की वेळेला काही सुटत नाही."

"माझी गाठ आहे ती, लोर्नामावशी," वेंडेल म्हणाला. "सुटणारच नाही."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. आम्ही हसलो.

जुलै संपेपर्यंत मला शाळेला कळवायचं होतं, सप्टेंबरात बस चालवायला येणार की नाही. पत्र लिहून तयार होतं. दोन पत्रं होती खरं तर. एकात येणार नाही, दुसऱ्यात येणार. शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळ्या सामानासकट एक चाचणी फेरी काढली आणि बेटांमधल्या एका छोट्या खाडीत नांगर टाकला. तिथे दुसरी होडी नव्हती. मी ठरवून आले होते. त्याला सांगायचं... तू जा. मी नाही येत.

सकाळी तो बाजूच्या कठड्यापाशी वाकून कॅन आवळत होता. नांगरावर असताना जीवरक्षक जाकीट कोण घालतं? मी सुकाणूपाशी बसले होते, बर्नार्डला मांडीवर घेऊन.

"वेंडेल, मला काहीतरी सांगायचंय."

"सांग ना."

"रागावशील."

"तुझ्यावर? एवढी हिंमत नाही माझी."

"मी काय म्हणते... ऑगस्टमध्ये..."

तेवढ्यात खाडीच्या तोंडावरून एक मोटरबोट भन्नाट वेगाने गेली. तिची लाट आली, होडी एकीकडे कलंडली, परत दुसरीकडे. मी बर्नार्डला घट्ट धरलं. वर पाहिलं तर कठड्यापाशी कुणीच नव्हतं. ओरडणंसुद्धा नाही, साधं डुबकन झालं, बस.

तो वर आला तो होडीच्या मागे. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर खेचत होतं आणि त्याला घेऊन चाललं होतं. तो पोहत होता, जोर लावून पोहत होता, पण माझ्यापासून लांबच जात होता. मी उठले, हात लांब केला आणि त्याच्यावर बोट रोखलं. अशी उभी राहिले, नजर न काढता. कुणासाठी? दाखवायला होतं कोण? तेच माझं वाईट स्वप्न, पण भर सकाळी, लख्ख उन्हात. वायरलेसवर ओरडले असते तरी माणूस यायला अर्धा तास. रबरी नाव गुंडाळून आवळलेली. भीतीने माझे पाय डेकला चिकटले होते, ते मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते.

मग काखेतला बर्नार्ड जाणवला. मनात आलं, जे पाणी वेंडेलला नेतंय ते यालाही नेईल.

मी लांब दोर काढला. बर्नार्डच्या कानाला, म्हणजे उशीच्या पट्ट्याला, गाठ मारायला नजर काढावीच लागली. गाठ दोनदा चुकली. उशी फेकली आणि दोर सोडत गेले. लाल ठिपका तरंगत तरंगत त्याच्या दिशेने निघाला. जरा डावीकडे चालला होता. वेंडेलने चार हात मारले... आणि मिशांना मिठी मारली.

दोर विंचला, म्हणजे दोर ओढायच्या चरखीला, गुंडाळून मी त्याला ओढून मागच्या बाजूला आणलं. आता मागच्या कठड्याला दुमडून ठेवलेली शिडी खाली सोडायची की झालं. आणि शिडीवर हे सहा कॅन, त्याच्या त्या न सुटणाऱ्या गाठींनी बांधलेले.

"सिग्ने..." खालून आवाज आला. ओठ निळे पडले होते. "हात... ऐकत नाहीयेत."

"बोलू नकोस. गप धरून राहा."

पाव कापायची सुरी घेतली आणि एकेक गाठ कापत सुटले. त्याच्याकडे पाठ करूनच कापावं लागत होतं. एकेक कॅन पाण्यात गेला. शिडी खाली गेली, पण त्याला पायरी धरता येईना. मग मोठं शीड वर चढवतात तो दोर मी मोकळा केला, त्याला फास मारून खाली सोडला आणि म्हटलं, "डोकं घाल यात. आता हात घाल. दुसरा. वेंडेल, दुसरा हात!" त्याने घातला. मी विंचचं हँडल फिरवायला लागले. बारा वर्षं बस वळवलेले दंड आहेत माझे, त्या दिवशी कामी आले. बोटाबोटाने तो वर आला आणि धान्याचं पोतं पडावं तसा माझ्या पायाशी पडला.

मी त्याचे कपडे ओरबाडून काढले, दोन्ही पांघरुणांत त्याला कोंबलं आणि स्वतःही आत घुसले. बऱ्याच वेळाने त्याचे दात वाजायला लागले. दात वाजणं इतकं गोड असतं हे मला ठाऊक नव्हतं.

"तू... काहीतरी सांगत होतीस," तो म्हणाला.

"मी येणार नाही, हे सांगत होते."

"हं."

"मला भीती वाटते, वेंडेल. वर्षभर वाटतेय. मी एकटी काय काय करणार? तुझ्याकडे बघू की दोर ओढू? आज बघितलंस ना, मला नजर काढावी लागली. तीनदा काढली. तू बुडाला असतास तर कळलंही नसतं मला."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, झोपला.

"पण मी बघत होतो ना तुझ्याकडे," तो म्हणाला. "एकदाही नजर काढली नाही. तुझी ती पाठ, ती पावाची सुरी... मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. म्हटलं, ही दिसतेय तोवर धरून राहायचं." मग म्हणाला, "होडी विकू या. खरंच सांगतो. डोंगरापलीकडे येतो तुझ्या हौदाकाठी."

मी रडले ते तेव्हा. तो उशीसकट माझ्या कुशीत होता, ओला, मिशांचा रंग त्याच्या गालाला लागलेला. वर्षभर मी एकच मोजत होते, माझी एक नजर आणि माझे दोन हात. पाण्यातल्या माणसालाही डोळे असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"विकायची नाही," मी नाक पुसत म्हणाले. "पण शिडीपाशी काही बांधायचं नाही. पुन्हा असल्या गाठी मारल्यास तर याद राख. आणि डेकवर पाय ठेवलास की पट्ट्याचा हुक कमरेला आणि होडीला. नांगरावर असलो तरी. आंघोळीला निघालास तरी."

"आणि तुला?"

"मलाही."

"आणि बर्नार्डला?"

"त्याचं नाव काढायचं नाही. तो यापुढे आपल्यात झोपणार."

शाळेला पहिलं पत्र गेलं, येणार नाही म्हणून. पाण्यातल्या सहा कॅनपैकी चार सापडले. लोर्नामावशीने आमचा मागचा मोकळा कठडा पाहिला, कॉफीचा घोट घेतला आणि काही न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवला. शुक्रवारी निघणं दर्यावर्दी लोक अशुभ मानतात, म्हणून आम्ही गुरुवारीच दोर सोडले.

केप फ्लॅटरीला डावीकडे वळलो तेव्हा सुकाणू माझ्याकडे होतं. लाटा उंच झाल्या होत्या, धुक्यात जमीन मागे विरत होती, आणि भीती म्हणाल तर होतीच, जागच्या जागी. पुढे डोलकाठीपाशी वेंडेल शिडाचा एक दोर नीट करायला गेला होता. काम संपलं तसा तो वळून उभा राहिला, दाढीतून पाणी गळतंय, आणि वाऱ्याच्या वर आवाज काढून म्हणाला, "सिग्ने... लग्न करशील का माझ्याशी?"

मी पाहिलं. एका दोरावरून दुसऱ्यावर जाताना त्याने हुक काढला होता, आणि बोलायच्या नादात तो तसाच हातात राहिला होता.

"आधी हुक लाव," मी म्हणाले.

त्याने खाली पाहिलं, जीभ चावली आणि वाकला. हुक कट्‌ करून बसला. मी तेवढं ऐकलं आणि मग हो म्हणाले.