गाडीतल्या बाई

हे मी रचून लिहीत नाहीये. माणसं खरी आहेत, माझ्या घरातली आहेत. फक्त त्या गावाचं नाव देणार नाही. तिथे अजून लोक राहतात.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. जे झालं ते सगळं लख्ख उजेडात झालं. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. नेब्रास्काचा पश्चिम भाग. दूरदूरपर्यंत कापलेल्या मक्याची शेतं आणि एकच सरळ रस्ता.

मी उपासना. नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहते, आयटीत आहे. माझे बाबा दादाराव कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाले आणि आईला घेऊन माझ्याकडे कायमचे राहायला आले. आई म्हणजे शीला. आमच्या घरात भूतबीत, नवस, उतारा असलं काही कधीच नव्हतं. लहानपणी मी अंधाराला घाबरले की बाबा दिवा लावायचे नाहीत. म्हणायचे, "जा, हात लावून बघून ये. काय आहे तिथे?"

काही नसायचं.

बाबांना अमेरिका रस्त्याने बघायची होती. म्हणून आम्ही एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली. मागे पलंग, छोटा गॅस, खिडकीवर बाबासाहेबांचा फोटो. आई रोज सकाळी त्या पलंगावर बसून बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणायची. हळू आवाजात, गुणगुणल्यासारखं. मग दिवसभर तिची बडबड सुरू. पेट्रोल पंपावरच्या माणसालासुद्धा ती मराठीत विचारायची, "काय दादा, थंडी किती आहे?" आणि तो बिचारा हसून उत्तर द्यायचा.

येलोस्टोन बघून परत येत होतो. एका गावाच्या अलीकडे व्हॅनचा गिअर पडेना. इंजिन चालू, आवाज मोठा, गाडी जागची हलेना. टो ट्रक बोलावला. त्याने आम्हाला गावातल्या एकुलत्या एका गॅरेजवर आणून सोडलं.

गॅरेजचा मालक वेन. साठीचा, उंच, एकटाच काम करणारा. त्याने गाडीखाली शिरून बघितलं आणि सांगितलं, ट्रान्समिशन गेलंय. पार्ट ओमाहाहून मागवावा लागेल. काही दिवस जातील.

"गाडी माझ्याकडे सोडा," तो म्हणाला. "माझी स्वतःची असल्यासारखी सांभाळीन."

बाबांना तो आवडला. मला म्हणाले, "हात बघ त्याचे. कामाचा माणूस आहे. ठेव विश्वास."

हे बोलणं चाललेलं तेव्हा आई व्हॅनमध्ये होती. पाठ दुखतेय, जरा पडते, म्हणून आत गेली होती.

वेन आम्हाला त्याच्या पिकअपमधून मोटेलवर सोडणार होता. बाबांनी हाक मारली.

"शीला, चल वं. निघायचं आहे."

उत्तर नाही.

"शीला..."

काहीच नाही.

मग आई आली. व्हॅनच्या मागच्या बाजूने चालत आली.

आमच्या व्हॅनचा सरकता दरवाजा उघडताना इतका कर्कश आवाज करायचा की आई दर वेळी कानांवर हात ठेवायची. त्या दिवशी तो आवाज मी ऐकला नाही. पण तेव्हा माझ्या मनात हे आलंच नाही. ते फार नंतर आलं.

मोटेलवर आई पलंगाच्या काठावर बसली. बोलली नाही.

जेवण आणलं. तिने दोन घास खाल्ले. बोलली नाही.

"थकली असेल," बाबा म्हणाले.

सकाळी मी जागी झाले तेव्हा आई तशीच काठावर बसलेली होती. खिडकीकडे तोंड करून. खोलीत एकदम शांत... काहीतरी कमी होतं. दात घासताना लक्षात आलं.

आईने त्रिसरण म्हटलं नव्हतं.

माझ्या आठवणीत असा एकही दिवस नाही. बाबांच्या बायपासच्या दिवशीसुद्धा तिने हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून म्हटलं होतं.

दुपारी वेनचा फोन आला. पार्ट निघालाय, म्हणाला. मग जरा घुटमळला.

"तुमच्या आईंना काही हवंय का? मी कॉफी दिली, पण घेत नाहीत."

"कोणाला?"

"तुमच्या आईंना. व्हॅनमध्ये बसल्यात. मी सकाळी शटर उघडलं तेव्हापासून आहेत. मला काही त्रास नाही. पण आत माणूस असताना मला गाडी लिफ्टवर चढवता येत नाही, म्हणून विचारलं."

मी मान वळवली.

आई माझ्यासमोर होती. पलंगाच्या काठावर.

मी बाबांना काही न सांगता चालत गॅरेजवर गेले. वेनने व्हॅनकडे बोट दाखवलं. मी दरवाजा सरकवला. तोच कर्कश आवाज.

आत कोणी नव्हतं.

पण पलंगावरच्या उशीला खड्डा पडला होता. मी हात ठेवला...

उशी गरम होती. आणि तिला आईच्या खोबरेल तेलाचा वास येत होता, ताजा.

"आत्ता तर होत्या," वेन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "सकाळी गात होत्या. रोज गातात का? छान वाटलं ऐकायला. असं काहीतरी..."

आणि त्या माणसाने, ज्याने आयुष्यात कधी पाली भाषेचा शब्द ऐकला नसेल, त्याने त्रिसरणाची चाल गुणगुणून दाखवली. तीन ओळी. पुन्हा त्याच तीन ओळी. आई जिथे श्वास घ्यायची तिथेच थांबून.

मी पळत मोटेलवर आले. बाबांना सगळं सांगितलं. ते चिडले.

"इंजिनिअर ना तू? त्याला कोणीतरी दिसलं असेल. गावात एखादी बेघर बाई असेल."

"आणि ती चाल, बाबा?"



दुसऱ्या दिवशी ते स्वतः गेले. एकटे. हात लावून बघायला.

परत आले ते हायवेच्या कडेने चालत, खूप हळू. मी खोलीच्या बाहेर उभी होते. ते माझ्याजवळ येऊन थांबले. 

"तीच आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"शीला."

"बाबा, आई आत आहे. मी आत्ता तिला चहा दिला."

"हो," बाबा म्हणाले. "ही पण आहे."

त्यांनी तिला बघितलं होतं. पलंगावर बसलेली, शाल घेतलेली. तिने त्यांना विचारलं होतं, "अहो, मला इथे काहून ठेवलं?" बाबांनी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. मग पलंग रिकामा होता.

बाबा खोलीत गेले आणि आईच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"शीला, मी कोण आहे?"

"मी कोण आहे," आई म्हणाली.

"माझं नाव घे."

"नाव घे."

"लेकीचं नाव सांग."

आई माझ्याकडे बघून हसली. हुबेहूब तिचंच हसणं. "लेकीचं नाव सांग," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं. गॅरेजमधून आल्यापासून आईच्या तोंडून जे चार शब्द निघाले होते, ते सगळे आमचेच होते. आम्ही बोललेले. तिचा स्वतःचा एकही नव्हता.

मी तिला गावातल्या क्लिनिकमध्ये नेलं. बीपी ठीक, शुगर ठीक. डॉक्टर म्हणाली, स्ट्रोकसारखं दिसत नाही, घरी गेल्यावर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. मी तिथे गाडीतल्या बाईबद्दल बोलले नाही. काय सांगणार होते?

मग वेनचा फोन आला. गाडी तयार होती.

आम्ही गेलो. त्याने काम चोख केलं होतं. दरवाज्याचा आवाजसुद्धा घालवला होता, न सांगता. पण तो माझ्या नजरेला नजर देईना.

"काम करायचंय म्हटल्यावर त्या स्वतःहून उतरल्या," तो म्हणाला. "माझ्या ऑफिसात बसल्यात. खिडकीजवळ. तुम्ही न्यायला येणार म्हणून सकाळपासून वाट बघतायत."

आमच्याबरोबर आलेली आई तोपर्यंत व्हॅनमध्ये चढून तिच्या नेहमीच्या मागच्या सीटवर बसली होती. समोर बघत.

बाबा ऑफिसात गेले. मी दारात थांबले. खिडकीजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. मला ती रिकामी दिसत होती. बाबांनाही, कारण ते खुर्चीच्या जरा बाजूला बघत होते.

"चल वं, शीला," ते म्हणाले. "गाडी झाली. चल ना घरी."

काहीच नाही.

"माझ्यावर रागावली का? चल..."

वेन माझ्या मागे उभा होता. 

"त्या मान हलवतायत. नाही म्हणतायत."

"का? विचारा, का नाही?"

"त्या..." तो थांबला. "त्या तुमच्या व्हॅनकडे बोट दाखवतायत. त्या सीटकडे."

मी वळून बघितलं. सीटवरची आई आता समोर बघत नव्हती. आमच्याकडे बघत होती.

बाबा त्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसले. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, ते जमिनीवर कधी बसत नाहीत. किती वेळ बसले सांगता येत नाही. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. वेनने आम्हाला जा म्हटलं नाही. शेवटी मीच बाबांना धरून उठवलं.

काय करायला हवं होतं? एकीला ओढून उतरवायचं आणि जी हाताला लागत नाही तिला बसवायचं?

जी हाताला लागत होती तिला घेऊन आम्ही निघालो.

वाटेत बाबांनी एकदाही आरशात बघितलं नाही.

घरी आल्यावर तपासण्या झाल्या. एमआरआय स्वच्छ. न्यूरॉलॉजिस्टने एक लांबलचक नाव दिलं, औषध दिलं. फरक पडला नाही. आई जेवते, झोपते, चालते. बोललं की तेच परत बोलते. विहारातल्या बायका भेटायला आल्या, तिच्या हातात हात घेऊन रडल्या. मी त्यांना आजार सांगितला. तेवढंच सांगितलं.

वेन फोन करत राहिला. अजून आहेत, म्हणायचा. बर्फ पडायला लागला तेव्हा म्हणाला, मी ऑफिसातला हीटर चालू ठेवून घरी जातो. वसंतात त्याचा शेवटचा फोन आला. त्याची तब्येत बिघडली होती, गॅरेज बंद करून तो मुलीकडे चालला होता.

"मला माफ करा," तो म्हणाला. "मी सांभाळतो म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी बाबांनी बॅग भरली.

मी खूप भांडले. "बाबा, आईला सोडून जाताय?"

ते म्हणाले, "बेटा, सोडून तर मी आलो होतो."

त्यांनी त्या गावात एक खोली घेतली. रोज सकाळी बंद गॅरेजच्या खिडकीबाहेर घडीची खुर्ची टाकून बसायचे. गावातले लोक आधी हसले, मग कॉफी आणून द्यायला लागले. बाबा मला फोन करायचे. "आज आवाज आला," सांगायचे. किंवा, "आज नाही आला." दिसली मात्र पुन्हा कधीच नाही. नंतरनंतर फक्त "आज नाही आला" एवढंच असायचं.

या उन्हाळ्यात ती जागा विकली गेली. मशीन आली. बाबा त्या लोकांच्या हातापाया पडले. पोलिसांनी त्यांना नीट, आदराने बाजूला नेलं. एका दुपारीत गॅरेज जमीनदोस्त झालं. वर खडी टाकली.

मी बाबांना विमानतळावरून घरी आणलं. ते इतके वाळले होते की माझ्या आधाराशिवाय पायरी चढेनात.

घराचं दार उघडं होतं. आई दारात उभी होती. ती कधी स्वतःहून दारापर्यंत येत नाही.

 बाबांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

आईने मात्र त्यांच्या मागे बघितलं. रिकाम्या रस्त्याकडे. बराच वेळ.

आणि मग ती बोलली. आमचे कोणाचेही नसलेले शब्द. पहिल्यांदा.

"तिला नाही आणलंत?"

बाबा तिथेच पायरीवर बसले.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्या खूश झाल्या. स्वतःहून पूर्ण वाक्य बोलल्या, म्हणजे फार चांगलं लक्षण आहे, म्हणाल्या.

त्यानंतर ती पुन्हा काही बोललेली नाही. आता आमचे शब्दही परत बोलत नाही. बाबा तिच्या खोलीत जात नाहीत. ताट मीच नेते. समोर ठेवते, पाणी ठेवते, जरा उभी राहते.

"आई, जेव," म्हणते.

अजून तरी आईच म्हणते. दुसरं काय म्हणू?